कार्यपद्धती-सुधारणेचे प्रगत प्रमाणपत्र : ते केव्हा घ्यावे?

शासकीय प्रशिक्षणवर्गात कार्यक्षमतेवरील व्याख्यान सुरू झाले, की पहिल्या पाव तासातच बहुधा मुंबईच्या डबेवाल्यांचे नाव निघते. डबेवाल्यांना 'सिक्स सिग्मा' हे गुणवत्तेचे सर्वोच्च प्रमाणपत्र मिळालेले आहे, असे वक्ते सांगतात आणि श्रोते ते वहीत टिपून घेतात. वस्तुस्थिती निराळी आहे. १९९८ साली 'फोर्ब्स' ह्या अमेरिकी नियतकालिकात डबेवाल्यांच्या अचूकतेची प्रशंसा करणारा लेख प्रसिद्ध झाला. त्या लेखात 'सिक्स सिग्मा' हा शब्दप्रयोगसुद्धा आपण केलेला नव्हता, असा खुलासा लेखकाने पुढे केला. शिवाय नियतकालिक कोणाला प्रमाणपत्र देत नसते. १८९० च्या सुमारास सुरू झालेली ही व्यवस्था महासाथीपूर्वीच्या काळात सुमारे पाच हजार माणसांच्या बळावर रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवीत होती. डब्याच्या झाकणावरील रंगीत खुणा, लोकल गाडीचे वेळापत्रक आणि एकमेकांवरचा विश्वास एवढ्यावरच ती उभी होती. प्रमाणपत्र तिला आख्यायिकेने मागाहून चिकटविले.

ही आख्यायिका येथे आठवण्याचे कारण असे, की गुणवत्ता-सुधारणेचे पहिल्या पातळीचे शिक्षण घेतलेले अधिकारी, अभियंते व शिक्षक आता आपल्याकडे भेटू लागले आहेत आणि 'आता पुढची पातळी केव्हा घ्यावी?' असा प्रश्न ते विचारतात. पुढच्या पातळीसाठी रजा लागते, पैसा लागतो आणि बराच काळ मन त्यात गुंतवावे लागते. हा पैसा व हा काळ पुष्कळदा सार्वजनिक असतो. त्यामुळे प्रश्नाचा विचार व्यक्तीच्या हौसेपुरता करून भागत नाही.

सिग्मा हे ग्रीक अक्षर संख्याशास्त्रात प्रमाण विचलनासाठी, म्हणजे सरासरीभोवती आकडे किती विखुरले आहेत ते सांगणाऱ्या मापासाठी, वापरतात. अमेरिकेतील मोटोरोला कंपनीत १९८६ मध्ये बिल स्मिथ ह्या अभियंत्याने ह्या मापाला उत्पादनातील दोषांच्या मोजणीशी जोडले. १९८८ मध्ये त्या कंपनीला माल्कम बाल्ड्रिज हा राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार मिळाला. १९९५ पासून जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जॅक वेल्श यांनी ही पद्धत अंगीकारल्यावर तिचा सर्वत्र बोलबाला झाला. दहा लाख संधींमागे ३.४ दोष, हे तिचे प्रसिद्ध उद्दिष्ट होय. एखादे तहसील कार्यालय वर्षाला १२,००० दाखले देत असेल आणि प्रत्येक दाखला ही एक संधी धरली, तर ह्या हिशोबाने सुमारे साडेचोवीस वर्षांत एक दाखला चुकेल! ह्यावरून एवढे कळावे, की हे उद्दिष्ट कोट्यवधी सुट्या भागांच्या कारखान्यातून आलेले आहे. आपण त्यातून घ्यावयाची ती कामाची रीत : प्रश्नाची निश्चिती, मापन, विश्लेषण, सुधारणा व नियंत्रण, आणि तीही ह्याच क्रमाने.

ह्या शिक्षणाच्या पायऱ्यांना ज्यूदो-कराटेतील पट्ट्यांची नावे आहेत : ग्रीन बेल्ट आणि त्यावर ब्लॅक बेल्ट. 'पट्टा' हा सरळ मराठी प्रतिशब्द येथे मुद्दाम टाळला आहे. महसूल खात्यात पट्टा जमिनीचा असतो आणि जुन्या कचेरीच्या दाराशी पट्टेवाला बसलेला असे. हिरव्या-काळ्या पट्ट्यांची त्यात भर नको.

ग्रीन बेल्टधारकाने आपले नेहमीचे काम सांभाळून आपल्याच शाखेतील एखादा मर्यादित प्रश्न प्राथमिक साधनांनी सोडवावा, अशी अपेक्षा असते. ब्लॅक बेल्टची विद्या जड आहे. अनेक कारणांचा एकत्रित परिणाम मोजणे, प्रयोगांची शास्त्रशुद्ध आखणी, मोजमापाच्या साधनाचीच परीक्षा आणि अनेक शाखांच्या माणसांना एका प्रकल्पावर आणणे, हा तिचा गाभा होय. मूळ पद्धतीत चार महिन्यांत चार आठवडे वर्ग आणि मधल्या दिवसांत प्रत्यक्ष प्रकल्पाचे काम, अशी रचना होती. भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेची गुणवत्ता-नियंत्रण केंद्रे हे शिक्षण देतात. त्यांपैकी मुंबई व पुणे ही आपल्याला जवळची. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी ही संस्था ब्लॅक बेल्टच्या परीक्षेस बसू देण्यापूर्वी दोन पूर्ण झालेल्या प्रकल्पांचे, अथवा एका प्रकल्पाचे व त्याबरोबर तीन वर्षांच्या संबंधित अनुभवाचे, प्रमाणित निवेदन मागते. केवळ लेखी परीक्षेवर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थाही आहेत. वाचकांनी ह्या दोहोंतील भेद मनात ठेवावा. ज्या संस्था आधी काम मागतात, त्यांनी 'केव्हा?' ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या अटीतच देऊन ठेवले आहे.

तिसरी खेप

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी वृत्तसंकलनासाठी गेलो असता तेथील एका कार्यालयाच्या भिंतीवर गुणवत्तेचे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेले दिसले. त्याच्याच खाली बाकावर साठीच्या पुढच्या एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसल्या होत्या. निराधार योजनेच्या अर्जासाठी त्यांची ती तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला एक कागद कमी होता, दुसऱ्या खेपेला दुसरा. खिडकीतील लिपिकास त्या म्हणाल्या, "सायेब, कागूद काय काय लागत्यात त्ये एकदाच सांगा की." लिपिक उद्धट नव्हता. त्याच्यासमोर आलेल्या अर्जात जी पहिली त्रुटी दिसे, ती लिहून तो अर्ज परत करी. पुढच्या त्रुटी पुढच्या खेपेला दिसत. बाईंची मात्र दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडत होती आणि एस.टी.चे भाडे वेगळे.

ह्या प्रश्नासाठी ब्लॅक बेल्ट लागतो काय? उदाहरणादाखल आपण असे समजू, की अशा कार्यालयात महिन्याला ४०० अर्ज येतात आणि त्यांतील ६० परत जातात. लिपिकाने एका कागदावर परतीची कारणे लिहून त्यांपुढे महिनाभर फक्त रेघा ओढल्या. महिनाअखेर ३४ रेघा 'शिधापत्रिका व आधार कार्ड यांवरील नावांत फरक' ह्या एकाच कारणापुढे, १४ 'स्वयंघोषणापत्र नाही' ह्यापुढे आणि उरलेल्या १२ इतर सात-आठ कारणांपुढे विखुरलेल्या दिसल्या. साठांपैकी अठ्ठेचाळीस अर्ज दोनच कारणांनी परत गेले. खिडकीबाहेर ठळक अक्षरांतील एक फलक, अर्ज घेतेवेळी सर्व कागदांची एकत्र तपासणी आणि त्रुटींची एकच पूर्ण यादी, एवढ्याने परतीचा मोठा भाग थांबेल. ह्यात लागली ती रेघांची नोंद आणि कारणांची उतरती मांडणी. जपानी गुणवत्ता-तज्ज्ञ काओरू इशिकावा यांनी प्रचारात आणलेल्या सात साध्या साधनांपैकी ही दोन आहेत. कारखान्यातील बहुतेक सर्व प्रश्न ह्या सातांतच सुटतात, असे त्यांचे अनुभवाचे मत होते. हैदराबादच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये १९८० साली देशातील पहिली गुणवत्ता मंडळे निघाली. तेथे साधे कामगार हीच साधने हाताळीत होते.

आपल्या राज्यातही ह्याचे जुने उदाहरण आहे. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयातील अभिलेखांची व बैठकीची जी फेरमांडणी केली, ती 'लखीना पॅटर्न' म्हणून राज्याबाहेरही अभ्यासली गेली. त्या काळी ह्या विषयात बेल्ट हा प्रकारच नव्हता.

तेव्हा प्रगत शिक्षणाचा अर्ज भरू इच्छिणाऱ्याने प्रथम आपल्या टेबलावरील प्रश्नाकडे पाहावे. रेघांची नोंद अजून झालेली नसेल, तर वेळ आलेली नाही.

लहान आकड्यांची अडचण

दुसरी एक गोष्ट शिक्षक व पंचायत सदस्यांच्या विशेष उपयोगाची आहे आणि ती प्रशिक्षणवर्गांत फारशी सांगितली जात नाही. प्रगत साधनांना आकडे भरपूर लागतात. आपल्या गावांतून व शाळांतून ते नसतात.

समजा, ग्रामपंचायतीकडे महिन्याला पन्नासएक अर्ज येतात व सरासरी चार परत जातात. मार्चमध्ये दोन परत गेले, एप्रिलमध्ये सात. मासिक सभेत लगेच विचारणा होते : एप्रिलमध्ये काय बिघडले? वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली, ती नेमकी ह्या विचारणेसाठी. (हे शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले होते.) त्यांच्या पद्धतीचा ढोबळ हिशोब कोणालाही करता येईल. सरासरी चार, तिचे वर्गमूळ दोन, त्याची तिप्पट सहा, चार अधिक सहा म्हणजे दहा. ह्या गावात एखाद्या महिन्यात दहापर्यंत अर्ज परत गेले, तरी तेवढ्या एका आकड्यावरून काही बिघडले असे म्हणता येत नाही. सात हा आकडा नेहमीच्या चढउतारातला आहे. त्यासाठी ग्रामसेवकाला खुलासा मागणे व्यर्थ, आणि मे महिन्यात तीन झाले म्हणून त्याचा सत्कार करणेही तितकेच व्यर्थ.

एवढ्या थोड्या आकड्यांवर ब्लॅक बेल्टची अवजड साधने चालविली, तर उत्तर येते. पण ते विश्वासार्ह नसते. शंभर-सव्वाशे पटाच्या शाळेत गैरहजेरीचा प्रश्न असेल, तर मुख्याध्यापकांनी वार, इयत्ता व वस्तीप्रमाणे हजेरीची फोड करून पाहावी. बाजाराच्या दिवशी अमुक वस्तीतील मुली येत नाहीत, हे त्या फोडीतच दिसेल, आणि त्यापुढील काम त्या वस्तीत जाऊन पालकांशी बोलण्याचे आहे. गणित उत्तम असलेल्या शिक्षकाला प्रगत वर्गाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे व त्यात गैर काही नाही. मात्र शाळेच्या ह्या प्रश्नासाठी तो आवश्यक आहे, असे प्रस्तावात लिहू नये.

शेवटच्या गावाचे पाणी

प्रगत शिक्षण कोठे खरोखर लागते, हे आता पाहू. ह्यासाठी प्रादेशिक नळ पाणीपुरवठा योजनेचे उदाहरण घेऊ. त्यात चूक झाली तर तिची किंमत कावीळ व गॅस्ट्रोच्या रूपाने मोजावी लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार क्लोरीन दिलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी प्रत्येक लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. योजनेतील पहिल्या गावांत ओ.टी. चाचणी चांगली येते. शेवटच्या दोन-तीन गावांत ती काही दिवस येते, काही दिवस येत नाही.

येथेही आरंभ साध्या साधनांनीच करावयाचा. टी.सी.एल. पावडर ताजी असता तिच्यात सुमारे एक-तृतीयांश क्लोरीन असतो; पोते उघडे राहिले, दमट कोपऱ्यात पडून राहिले, की तो उडत जातो. जलसुरक्षकाची वही, पोते उघडल्याची तारीख आणि चाचणीचा निकाल शेजारी शेजारी मांडले, तर पुष्कळ ठिकाणी कारण तेथेच सापडते. सापडले नाही, तर चाचणीकडे पाहावे. नळीतला पिवळा रंग डोळ्यांनी जुळवावयाचा असतो. द्रावण टाकल्याबरोबर पाहिले तर मुक्त क्लोरीनचा अंदाज मिळतो; दहा-पंधरा मिनिटांनी पाहिले तर संयुक्त क्लोरीनचाही रंग त्यात मिसळलेला असतो. एक जलसुरक्षक लगेच पाहतो, दुसरा चहा घेऊन आल्यावर पाहतो, आणि दोघांच्या वह्या आपण एकाच तक्त्यात उतरवितो. दोघांना एकच नमुना त्यांच्या नकळत दोनदा देऊन वाचन जुळते काय हे तपासणे, म्हणजेच मोजमापाच्या साधनाची परीक्षा होय. ह्या विद्येच्या प्रवेशद्वाराशी आपण येथे येतो.

पावडर ताजी आहे, वाचन जुळते आहे, तरी शेवटच्या गावात क्लोरीन टिकत नाही, असे झाल्यास प्रश्न खरोखर कठीण आहे. मात्रा, टाकीत पाणी थांबण्याचा वेळ, नळमार्गाची लांबी, पाणी सोडण्याचे तास, उन्हाळ्यातील तापमान, पावसाळ्यातील गढूळपणा ही सर्व कारणे एकाच वेळी काम करतात. इतकेच नव्हे, तर एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असतो. वाढविलेली मात्रा थोड्या तासांच्या पुरवठ्यात उपयोगी पडेल, तर दीर्घ तासांच्या पुरवठ्यात पडणार नाही. अशा वेळी 'एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहू' हा आपला नेहमीचा मार्ग फसवितो. दोन किंवा तीन कारणे ठरावीक जोड्यांनी बदलून थोड्या प्रयोगांत प्रत्येकाचा परिणाम वेगळा काढण्याची रीत प्रयोग-आखणीच्या शास्त्रात आहे. किमान मर्यादा कोठेही न सोडता हे प्रयोग चालत्या योजनेवर करावयाचे, म्हणजे करणारा माणूस तयार हवा. वीस-पंचवीस गावांच्या रोजच्या नोंदी असल्याने आकड्यांचीही वाण नसते. अशा योजनेवरील उपअभियंत्याने ब्लॅक बेल्टसाठी अर्ज केला, तर त्याच्या वरिष्ठांनी तो अडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्ज करणारा

प्रश्न योग्य असला तरी माणूस व वेळ योग्य हवी. पहिली कसोटी अशी, की त्याने आधीचा एक प्रकल्प पूर्ण केलेला असावा, आणि पूर्ण म्हणजे सुधारणा करून सादरीकरण झाले एवढे नव्हे. तो टेबलावरून रजेवर गेल्यावरही सुधारणा सहा महिने टिकली काय, हे पाहावे. नियंत्रण ही शेवटची पायरी आपल्याकडे सर्वांत दुबळी असते.

दुसरी बाब बदलीची. राज्यात बदल्यांचे विनियमन करणारा २००५ चा अधिनियम पदावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा धरतो. तिसऱ्या वर्षी प्रशिक्षणाला गेलेला अधिकारी प्रकल्प अर्धा टाकून जातो. मागे राहते ती आकड्यांची धारिका, आणि ती उघडणारा कोणी नसतो. बदलीचे वर्ष असेल तर थांबावे, नव्या जागी रुजू होऊन तेथील काम पाच-सहा महिने पाहावे व तेथला प्रश्न घेऊन जावे. माझ्या परिचयातील एका अधिकाऱ्याने असे थांबणे पत्करले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला दीर्घसूत्री म्हटले. मला तो शहाणा वाटला.

तिसरी बाब वरिष्ठांची. ब्लॅक बेल्टचा प्रकल्प एका शाखेत मावत नाही. पाण्याच्या उदाहरणात अभियंता, ग्रामपंचायत व आरोग्य खाते तिघेही लागतात. तिघांना एकत्र बोलावण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याची प्रकल्पपत्रावर सही आधी घ्यावी, शुल्काची मागणी नंतर करावी. सही मिळत नसेल, तर प्रमाणपत्र मिळूनही उपयोग बेताचाच.

संख्याशास्त्राच्या भीतीबद्दल एक शब्द. प्रस्तुत लेखक कला शाखेचा आहे आणि वर्गमूळाच्या पुढे त्याची गती नव्हती. चार-सहा आठवडे रोज तासभर बसून सरासरी, विचलन व संभाव्यता समजून घेता येते, हा स्वानुभव आहे. हे बसणे वर्गात जाण्यापूर्वीचे असावे. वर्गात ते शिकण्यास वेळ नसतो.

कार्यालयाला मिळणाऱ्या प्रमाणपत्राशी ह्या सर्वाचा गोंधळ होतो, म्हणून तेवढा खुलासा. गेल्या काही वर्षांत राज्यातील अनेक जिल्हा परिषद शाळा, अंगणवाड्या व ग्रामपंचायतींच्या दारांवर 'आय.एस.ओ. मानांकित' असे फलक लागले. आय.एस.ओ. ही आंतरराष्ट्रीय संस्था केवळ मानक तयार करते. ती स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात आणि त्यांना मान्यता आहे काय, हे पाहणे फलक लावणाऱ्याचे काम आहे. आपल्या देशात अशी मान्यता भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंतर्गत मंडळाकडून दिली जाते. प्रमाणपत्राची मुदत बहुधा तीन वर्षांची असते व दरम्यान दरवर्षी तपासणी अपेक्षित असते. मुदत सरली, तरी रंगविलेला फलक राहतोच. व्यक्तीला मिळणारा ब्लॅक बेल्ट आणि कार्यालयाला मिळणारे हे मानांकन यांचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही.

महिना कोणता?

शेवटी, 'केव्हा' ह्या शब्दाचा अगदी पंचांगाच्या अर्थाने विचार करावा लागतो. प्रकल्पाचे चार-सहा महिने प्रश्न जेव्हा तीव्र असतो त्याच दिवसांवर पडले पाहिजेत. पाणीपुरवठ्याच्या प्रकल्पात पावसाळा आला नाही, तर गढूळपणाचा परिणाम मोजलाच जाणार नाही. तेव्हा वर्ग मार्च-एप्रिलमध्ये सुरू व्हावा व प्रयोग जून ते सप्टेंबरात चालावेत. दाखल्यांची गर्दी शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाबरोबर मे-जूनमध्ये वाढते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांना मुदती बांधून दिलेल्या आहेत आणि त्यांची खरी परीक्षा ह्याच दिवसांत होते. ज्यांना ह्या विषयात उतरावयाचे आहे, त्यांनी रेघांची नोंद जानेवारीपासूनच सुरू करावी, म्हणजे गर्दीपूर्वीचे व गर्दीतले असे दोन्ही आकडे हाती येतील. प्रशिक्षणासाठी नामनिर्देशने मागविणारे परिपत्रक ह्या हंगामाशी जुळेलच असे नाही. जुळले नाही, तर नोंदवही चालू ठेवून पुढील वर्षीच्या परिपत्रकाची वाट पाहावी.